बंब, हीटर आणि बुजवलेली खिडकी

अन्याय माझ्या वहिनीवर झाला. चोपन्न साली, नरक चतुर्दशीला, उजाडल्यावर, ठाण्यात, आमच्याच घराच्या न्हाणीघरात. तिला तेव्हा पाचवा महिना होता. अन्याय करणारे कुणी परके नव्हते. माझे वडील, माझी आई आणि माझा थोरला भाऊ. मला पत्रकं लिहायची सवय आहे आणि पत्रकात कुणावर, कधी, कुठे हे पहिल्या ओळीतच सांगायचं असतं, म्हणून सांगून टाकलं. नावं मात्र देत नाही. नाव दिलं की वाचणारा सुटतो. म्हणतो, हां, ते होय, त्यांच्याकडे असंच चालायचं.

आमचं घर भाड्याचं, खाडीकडच्या अंगाला. मालक मूळचे मिठागरवाले. मिठागर सुटल्यावर त्यांनी स्वतःच्या जागेत आमच्यासारख्या नोकरदारांसाठी ही घरं बांधली. तीन खोल्या, मागे अंगण, अंगणात विहीर, आणि विहिरीला लागून न्हाणीघर. न्हाणीघराला कौलं नाहीत, स्लॅब. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याचा फार अभिमान. आल्यागेल्याला ते आधी दिवाणखाना दाखवायचे आणि मग न्हाणीघराचा स्लॅब.

त्यात आमचा बंब होता. तांब्याचा, आजोबांच्या वेळचा. मधल्या नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी. वहिनी घरात सगळ्यांच्या आधी उठायची. नळ असला तरी बंबात नळाचं पाणी चालत नसे, कारण आईचं सोवळं. म्हणून वहिनी विहिरीचं पाणी शेंदायची, बंब भरायची, नारळाची सोडणं आणि ढलप्या घालून पेटवायची, फुंकणीने फुंकायची. मग स्वतः आंघोळ करून सोवळ्यात स्वयंपाकाला लागायची. आमच्या घरात एक नियम होता: बादलीभर गरम पाणी काढलं की बादलीभर गार ओतायचं आणि जाताना एक ढलपी सारायची. नियम सगळ्यांना पाठ होता. पाळायची एकटी वहिनी. पुरुष आंघोळ करून ओल्या पंचाने बाहेर यायचे आणि मागून आत गेलेल्याची ओरड यायची, "अगं, बंब रिकामा झाला बघ."

दादा मुंबईत विजेच्या सामानाच्या एका पेढीत नोकरीला होता. त्या वर्षी पावसाळा सरता सरता तो घरी एक हीटर घेऊन आला. पांढराशुभ्र, भिंतीवर बसवायचा, साखरेच्या डब्याएवढा. यात पाणी साठत नाही, त्याने आम्हाला सांगितलं. नळ सोडला की पाणी आतल्या तापलेल्या तारेला वळसा घालून येतं आणि येता येताच गरम होतं. थांबायचं नाही, भरायचं नाही, फुंकायचं नाही.

मग आमच्या दिवाणखान्यात रोज संध्याकाळी वाद बसू लागला. बंब की हीटर.

"निम्मं शतक सरलं, अण्णा," दादा म्हणाला. "आपण अजून ढलप्या फोडतोय."

"आपण?" मी म्हटलं. "तू शेवटची ढलपी कधी फोडलीस रे?"

"तू गप गं, मोर्चावाली."

अण्णा वकिली थाटात बोलायचे, जरी होते कचेरीत हेडक्लार्क. "पाणी साठत नाही म्हणतोस. म्हणजे नळ गेला की हीटर गेला. लाइट गेली की हीटर गेला. आणि धार कशी, तर करंगळीएवढी. बंबाला काय लागतं? लाकूड आणि काडी."

"आणि वहिनी," मी म्हटलं.

कुणी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

आईचं म्हणणं वेगळंच होतं. तिला विजेचं भय नव्हतं. तिचा वैरी होता तोटीतला वायसर. "नळात चामडं असतं," ती म्हणाली. "त्यावरून आलेल्या पाण्यानं न्हाऊन मी देवाला शिवू? आणि तिनं त्याच अंगानं नैवेद्याचा भात टाकायचा?"

"चामड्याचा काढतो, रबराचा बसवतो. मग तर झालं?"

"जिथं इतके दिवस चामडं होतं तिथंच बसवणार ना?"

 यावर दादाकडे उत्तर होतं, पण आईसमोर ते द्यायची त्याची हिंमत नव्हती. मोठ्या मुलग्यांना घरात वीज आणता येते, आईशी बोलता येत नाही.

अखेर अण्णांनी निकाल दिला. "वादच नको. दोन्ही ठेवू. बाहेर जाणाऱ्यांना हीटर, सोवळ्यातल्यांना बंब." सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. दादाचा हीटर राहिला, आईचं सोवळं राहिलं, अण्णांचा शब्द राहिला. मी हिशेब घातला तेव्हा निष्पन्न एवढंच झालं की पुरुषांना वीज मिळाली आणि बायकांकडे विस्तव राहिला. तडजोड दोघांत होते तेव्हा तिसरं कोण भरडलं गेलं ते बघावं, हे मी सभांमधून किती वेळा बोलले असेन. घरात कामाला आलं नाही.

त्या वेळी वहिनी चहा घेऊन आली होती. मी मुद्दाम सगळ्यांदेखत विचारलं, "वहिनी, तुला काय वाटतं?"

"तिला काय वाटायचंय," अण्णा हसून म्हणाले. "तिचं काम कमीच होणार आहे."

वहिनीने कपबश्या खाली ठेवल्या आणि पदर सावरत म्हणाली, "मला दोन्ही चालेल. फक्त खिडकी राहू द्या."

दिवाणखान्यात कुणाला कळलं नाही की मध्येच ही खिडकी कुठून आली. कळलं होतं फक्त तिला, कारण दुपारी गवंडी येऊन माप घेऊन गेला तेव्हा घरात तीच होती.

न्हाणीघराला एकच खिडकी, बंबाच्या डोक्यावर, गल्लीच्या बाजूला. नळाचा पाइप बाहेरून त्याच भिंतीने जात होता. दादाने आधीच ठरवलं होतं की पाइप आणि वायर दोन्ही खिडकीतून आत घ्यायचं आणि उरलेली खिडकी विटांनी बुजवायची; भिंत फोडायला नको आणि हीटर टांगायला पक्की जागा मिळते. आईला तर ते फारच पटलं. "बरंच झालं," ती म्हणाली. "गल्लीतनं जाणारा-येणारा मान वर करून बघायचा नाही आता." मालकांना विचारलं का, असं मी विचारलं. अण्णा म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीला काय विचारायचं?"

खिडकी बुजली. पाइपाभोवती तेवढं मुठीएवढं भोक राहिलं, त्यात दादाने चिंध्या कोंबल्या, पावसाचं पाणी येऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी वहिनीने नेहमीसारखा बंब पेटवला आणि न्हाणीघर धुराने भरलं. ती खोकत बाहेर आली, डोळे रक्तासारखे लाल. मागोमाग दादा आत गेला आणि ओरडत बाहेर आला. हीटरच्या पांढऱ्या अंगावर काजळीचा थर चढला होता. त्याने स्वतःच्या रुमालाने, थुंकी लावून लावून, हीटर पुसला. मी अंगणात उभी राहून बघत होते. वहिनीच्या डोळ्यांना पाणी लाव, असं त्याला कुणी सुचवलं नाही.

यावर तोड अण्णांनीच काढली. लाकूड बंद, लोणारी कोळसा आणायचा. वखारीतून पोतं आलं. कोळसा पेटला, धूर नाही, काजळी नाही, हीटर स्वच्छ, भिंत स्वच्छ. अण्णांचं शेजारीपाजारी कौतुक झालं. "डोकं लागतं," ते म्हणाले.

तेव्हापासून वहिनीचं डोकं दुखायला लागलं. सकाळी न्हाणीघरातून आली की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी कपाळ धरून बसायची. कधी उलटी व्हायची. आई म्हणायची, "डोहाळे आहेत, व्हायचंच." आणि दिवस चढला की खरंच तिला बरं वाटायचं, त्यामुळे कुणाला काही वावगं दिसेना. मलाही, मी खोटं बोलणार नाही, डोहाळेच वाटले. वहिनीने मात्र आपल्यापुरता उपाय शोधला होता. ती दाराला कडी लावायची नाही. दार बोटभर उघडं ठेवून आतून पाट टेकवायची आणि आंघोळ करायची. ती कुठे शिकली नव्हती, कुणी तिला सांगितलं नव्हतं. गुदमरणाऱ्या माणसाला दार कळतं.

दिवाळीला आत्या आली, अण्णांची धाकटी बहीण, यजमान आणि मुलांसकट. आल्या दुसऱ्याच सकाळी तिने ते दार पाहिलं.

"अगं, घरात पुरुषमाणसं वावरतायत आणि तू दार उघडं टाकून न्हातेस?"

"उघडं नाही हो, लोटलेलं असतं."

"लोटलेलं म्हणजे उघडंच. टिटवाळ्याला असेल चालत, वळण हवं."

टिटवाळा वहिनीचं माहेर. माहेर काढलं की सुनेचं तोंड मिटतं, हे आत्यालाही ठाऊक होतं, कारण तिचंही असंच मिटवलेलं असणार. त्या दिवसापासून कडी लागू लागली.

नरक चतुर्दशीला उजाडायच्या आत जो न्हात नाही तो नरकात जातो, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. आमच्या घरातल्या बायका दरवर्षी उजाडल्यावरच न्हायच्या. आधी पुरुषांना तेल-उटणं, मग मुलांना, मग पाहुण्यांना, ओवाळणं, फराळाची ताटं, आणि हे सगळं उरकल्यावर स्वतः. म्हणजे दरवर्षी एकाच घरातली निम्मी माणसं स्वर्गात आणि निम्मी नरकात, आणि फराळ मात्र एकत्र. मी हे एकदा बोलून दाखवलं तेव्हा अण्णांनी मला सणासुदीला तोंड आवरायला सांगितलं होतं.

त्या पहाटे आधी हीटर लावला. आत्याचे यजमान आत गेले आणि जरा वेळाने आतून त्यांचा आवाज आला, "अहो, ही धार आहे की सलाइन? तेल निघायचं कसं?" सगळे हसले. तेल-उटण्याच्या न्हाणाला भरपूर पाणी लागतं, घंगाळ भरून. करंगळीएवढ्या धारेत कुणाला थांबायचं नव्हतं. आईचा सोवळ्याचा बंब पुरुषांना त्या दिवशी चालला. मग एकेक करून सगळे बंबावर आले. वहिनी शेंदत होती, ओतत होती, कोळसा घालत होती. पोरं दाराशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून ओरडत होती. एकेकाची आंघोळ होई, दार उघडे, दुसरा आत जाई, तेवढी हवा बदलत असावी.

सगळ्यात शेवटी वहिनी. बाहेर चांगलं फटफटलं होतं. बंब उतरला होता, विस्तव राखेला आला होता, कारण शेवटच्या माणसानेही काही घातलं नव्हतं. तिने नवा कोळसा भरला. आत गेली. कडी लावली. केस धुवायचे होते, म्हणजे वेळ लागणार.

आम्ही फराळाला बसलो. तिचं ताट झाकून ठेवलं होतं. मी उठून हाक मारली तर दादा म्हणाला, "न्हाऊ दे गं निवांत. वर्षाचा सण आहे."

मी पुन्हा गेले. आत पाण्याचा आवाज नव्हता. दार वाजवलं. मग दोन्ही हातांनी वाजवलं. मी दादाला कसं बोलावलं ते आठवत नाही. तो हातात चकली घेऊन आला होता, ती त्याने खिशात टाकली, हे आठवतं. त्याने खांदा मारून कडी तोडली.

ती बंबापाशी पडली होती. अर्धे केस शिकेकाईचे. आम्ही तिला लुगड्यात गुंडाळून अंगणात आणली. आणि तिचे गाल गुलाबी होते. मी तिला इतकी टवटवीत कधी पाहिली नव्हती.

"काही नाही हो," आत्या वाकून म्हणाली. "तेज बघा तोंडावर. उपाशीपोटी गरम पाण्यानं गुंगी आली असेल."

डॉक्टर येईपर्यंत तिने डोळे उघडले होते, पण बघत कुठे होती ते कळत नव्हतं. डॉक्टरांनी तिची नाडी पाहिली, मग न्हाणीघरात गेले आणि लगेच बाहेर आले.

"खिडकी कुठे आहे?"

"होती," अण्णा म्हणाले.

डॉक्टर त्यांच्याकडे वळले. "धूर नाही म्हणजे विष नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं? बंद खोलीत कोळसा असा वायू सोडतो की जो दिसत नाही आणि त्याला वासही नाही. तिला रोज तेच मिळत होतं. डोकं दुखत नव्हतं का?"

 आई तुळशीकडे बघत होती.

भाऊबीज व्हायच्या आत पोटातलं हलायचं थांबलं. वहिनीला ते आधी कळलं, मग इस्पितळात सांगितलं. तिचे वडील टिटवाळ्याहून आले आणि इस्पितळातूनच तिला घेऊन गेले.  जाताना आम्हाला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

आणि मग आमच्या दिवाणखान्यात पुन्हा वाद बसला. बंब की हीटर. मला हे लिहितानाही संताप येतो. आई म्हणे, हीटर घरात आला नसता तर खिडकी बुजली नसती. दादा म्हणे, बंब काढला असता तर कोळसा आला नसता. दोघांचंही खरं होतं. दोघंही आपापल्या खऱ्याला धरून बसली होती आणि मधे एक मूल मेलं होतं, ते कुणाच्या वाट्याला येत नव्हतं. अखेर अण्णांनी निकाल दिला, हीटर काढा. तो दादाने पेढीत परत नेला. बंब राहिला. पुन्हा लाकूड आलं, आणि दार सताड उघडं ठेवून आई तो पेटवू लागली. विटा तशाच राहिल्या.

महिन्या-दीड महिन्याने अण्णा आणि दादा वहिनीला आणायला टिटवाळ्याला गेले. ती माजघराच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि तिने एकच विचारलं, "खिडकी उघडली का?"

अण्णा रिकाम्या हाताने परत आले. "सून अटी घालते," ते आईला म्हणाले. "आणि भिंत आपली आहे का? मालकाची. विचारल्याशिवाय हात कसा लावायचा?"

बुजवताना न विचारलेले मालक उघडताना एकदम आठवले. मी तशीच उठून त्यांच्याकडे गेले. म्हातारा ओट्यावर बसून जाळं दुरुस्त करत होता. मिठागर सुटलं तरी खाडी सुटली नव्हती. मी सगळं सांगितलं. त्याने मान वर केली.

"मना काय इचारतंस, पोरी? खिरकी मीच ठेवली व्हती. इटा तुमी घातल्या, तुमीच कारा." आणि आतून पहार आणून दिली.

मी पहार चालवली. मला सवय नाही, मी कागद चालवते. वरच्या विटा निघाल्या, गल्लीतला उजेड बंबावर पडला, आणि भिंतीवर वहिनीने ठोकलेल्या खिळ्याला तिची केस बांधायची आगवळ लोंबत होती, ती दिसली. आई न्हाणीघराबाहेर उभी राहून म्हणाली, "पुरुषांची कामं करायला लागलीस, आता मिश्यांना तूप लाव." अर्धी खिडकी मोकळी झाली तेव्हा माझे हात सोलले होते. उरलेली उद्या, असं म्हणून मी थांबले, आणि दुसऱ्या दिवशी आधी टिटवाळ्याची गाडी धरली, कारण मला तिला सांगायची घाई झाली होती.

वहिनी अंगणात तांदूळ निवडत होती. वाळली होती. मी सांगितलं, "वहिनी, खिडकी उघडली."

तिचा हात थांबला. "कुणी, वन्सं?"

"मी."

"ह्यांनी नाही?"

"नाही."

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. "मग तुमचं लग्न झालं की परत बुजेल," ती म्हणाली. "हात पाहू." तिने माझे हात उलटेपालटे करून पाहिले, आत गेली, खोबरेल घेऊन आली. लावता लावता म्हणाली, "ज्यांनी बुजवली त्यांनी उघडली की सांगा. मी त्याच गाडीनं येईन. तोवर बोलावणं करू नका."

मी घरी आले आणि दादाला शब्दाला शब्द सांगितलं. उरलेल्या खालच्या विटांना मी हात लावला नाही. त्या आता माझ्या नाहीत. पहार न्हाणीघराच्या दाराशी टेकवून ठेवली आहे. दादा रोज सकाळी तिच्या शेजारून आंघोळीला जातो, अर्ध्या खिडकीखाली उभा राहतो, कामाला जातो. संध्याकाळी मला विचारतो, "टिटवाळ्याहून काही कळलं का गं?" मी म्हणते, "तुझ्याकडून काही कळलं की तिकडून कळेल." एकदा त्याने पहार उचलली होती. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. आईने दिवाणखान्यातून हाक मारली आणि त्याने ती परत जागेवर ठेवली, अगदी अलगद, आवाज होऊ नये अशी.

म्हणून आता तुम्हाला सांगते. तुमच्याकडे बंब असेल किंवा तुम्ही हीटर घ्यायच्या विचारात असाल, दोन्हींतलं चांगलं कोणतं ते मला विचारू नका. उठा आणि आपल्या न्हाणीघरात जा. तिथली खिडकी विटांनी, पत्र्याने, खोक्याने, चिंध्यांनी, कशानेही बुजवलेली असेल तर ती आज उघडा. बायकोला सांगू नका, बहिणीला सांगू नका, गवंड्याची वाट बघू नका. तुम्ही बुजवलीत, तुम्हीच उघडा. हत्यार नसेल तर आमच्या घरी या आणि पहार घेऊन जा. ती नुसतीच उभी आहे.